इंग्रजीतील कालावधीदर्शक शब्दप्रयोग व त्यांचे अध्यापन

ऊसतोडीचा हंगाम संपवून आईबापांबरोबर गुढीपाडव्याच्या सुमारास गावी परतलेल्या, सहाव्या इयत्तेतील एका मुलाने इंग्रजीच्या वहीत स्वतःविषयी चार ओळी लिहिल्या. त्यांतील एक ओळ अशी होती : 'आय ॲम नॉट कमिंग टू स्कूल सिन्स फाइव्ह मंथ्स.' शिक्षकांनी 'सिन्स' या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले, त्यावर 'फॉर' हा शब्द लिहिला आणि वही परत केली. दुरुस्ती नियमास धरून होती. परंतु दुरुस्त झालेल्या वाक्याचा अर्थ असा झाला की, हा मुलगा यापुढे पाच महिने शाळेत येणार नाही! मुलगा तर समोरच्या बाकावर येऊन बसला होता. मागील पाच महिने आपण येथे नव्हतो, एवढेच त्यास सांगावयाचे होते. त्याच्या मूळच्या चुकीच्या वाक्यातून ते निदान कळत तरी होते; दुरुस्तीनंतर तेही कळेनासे झाले.

काळाची लांबी सांगणारे इंग्रजी शब्दप्रयोग शिकविताना असा प्रकार अनेक वर्गांत घडतो. 'सिन्स' आणि 'फॉर' यांतील भेदावर शिक्षकांचा कटाक्ष असतो व तो योग्यही आहे. परंतु तांबडी शाई बहुधा तेथेच संपते. ज्या ठिकाणी एका लहानशा शब्दाने अर्थ उलटा होतो, ती ठिकाणे तशीच राहून जातात. त्या सर्वांचा एकत्र विचार येथे केला आहे. इंग्रजी वाक्ये छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावयाची.

प्रथम चूक कोठून येते ते पाहू. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. या एका मराठी वाक्यात 'पासून' हा शब्द दोनदा आला आहे आणि इंग्रजीत त्यासाठी दोन निरनिराळे शब्द योजावे लागतात. 'जून २००० पासून' येथे 'सिन्स', कारण त्या महिन्यात सुरू झालेली गोष्ट आजही चालू आहे. 'पहिल्या इयत्तेपासून' येथे 'फ्रॉम', कारण तेथे केवळ आरंभ सांगावयाचा आहे. त्यात 'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' हे तिसरे वाक्य मिळविले म्हणजे घोटाळा पुरा होतो. मराठीचा 'पासून' सोमवार या बिंदूसही लागतो आणि दोन वर्षे या लांबीसही लागतो. इंग्रजीचा 'सिन्स' केवळ बिंदूस लागतो. 'पासून म्हणजे सिन्स' असे पाठ केलेला मुलगा 'सिन्स टू इयर्स' म्हणतो तेव्हा तो बेफिकिरीने बोलत नसतो. तो आपल्या भाषेच्या नियमाने चाललेला असतो. शिक्षकाने हे ध्यानात घेतल्यास मुलावर रागावण्याचे कारण उरत नाही.

उपायही मराठीतच आहे. 'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' हेच वाक्य आपण 'गेली दोन वर्षे मी येथे राहतो' असेही म्हणतो, किंवा 'मला येथे राहून दोन वर्षे झाली' असेही म्हणतो. भाषांतरास देताना 'पासून'चे वाक्य न देता प्रथम 'गेली दोन वर्षे' हे रूप द्यावे. त्यात 'पासून' नसल्यामुळे 'सिन्स' सुचतच नाही. हे रूप अंगवळणी पडल्यानंतर मग मुलाकडून 'पासून'च्या वाक्याचे 'गेली' असे रूपांतर करवून घ्यावे. ज्या वाक्याचे असे रूपांतर होते त्यात 'फॉर', ज्याचे होत नाही त्यात 'सिन्स'. 'गेली सोमवार' असे कोणी म्हणत नाही, हे मुलास न शिकविता कळते.

क्रियापदाकडे मात्र येथे दुर्लक्ष करू नये. वर सांगितलेल्या वहीतील खरी चूक क्रियापदात होती. मराठीत 'राहतो' हे वर्तमानकाळाचे रूप मागील दोन वर्षेही सांभाळून घेते. इंग्रजीस तेवढे पुरत नाही. काल सुरू झालेली आणि आज चालू असलेली गोष्ट सांगताना त्या भाषेत 'हॅव' अथवा 'हॅज' यांचा आधार घ्यावा लागतो. 'आय हॅव लिव्हड हिअर फॉर टू इयर्स' म्हणजे मी अजून येथेच आहे. 'आय लिव्हड हिअर फॉर टू इयर्स' म्हणजे राहिलो होतो, आता येथे नाही. दोन्ही वाक्यांत 'फॉर टू इयर्स' जसेच्या तसे आहे आणि दोन्ही व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. फरक घर सुटले की नाही, एवढ्याचाच! एखाद्या मुलीने अर्जात 'माय फादर वर्क्ड इन द मिल फॉर टेन इयर्स' असे लिहिले, तर वाचणारा तिच्या वडिलांची नोकरी सुटली असे समजेल. आणि नोकरी चालू असेल तर ती मुलगी नकळत असत्य लिहून बसेल. 'सिन्स'चे तसे नाही. त्याच्याबरोबर बहुधा 'हॅव' येते, कारण 'सिन्स'मध्ये आजपर्यंतचा धागा असतोच.

धाग्यावरून एक साधन सुचते व ते खर्चाचे नाही. वर्गाच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये लांब सुतळी ताणावी. मध्यापासून थोडे उजवीकडे 'आज' अशी चिठ्ठी लावावी. एक वीत म्हणजे एक महिना असे ठरवून डावीकडे मागील दिवसांच्या गाठी माराव्यात : शाळा उघडली तो दिवस, पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत. प्रत्येक गाठीस चिठ्ठी बांधावी. मग एका मुलास बोलावून दिवाळीच्या गाठीवर बोट ठेवावयास सांगावे. बोट गाठीवर असले म्हणजे वर्गाने म्हणावयाचे 'सिन्स दिवाळी'. त्याच मुलाने त्या गाठीपासून 'आज'पर्यंत वितीने मोजत यावे. मोजणी पुरी झाली म्हणजे वर्गाने म्हणावयाचे 'फॉर थ्री मंथ्स', किंवा जेवढ्या विती भरतील तेवढे. गाठ म्हणजे 'सिन्स', वीत म्हणजे 'फॉर'. यापेक्षा अधिक व्याकरण पाचवीसहावीच्या मुलास सांगण्याची आवश्यकता नाही. गाठी गावच्याच असाव्यात. 'सिन्स लास्ट ऑगस्ट' हा प्रयोग पाठ्यपुस्तकात पुढे येईलच. परंतु मुलाच्या मनातील काळ पोळ्यादिवाळीच्या गाठींनी बांधलेला असतो आणि तेथूनच आरंभ करणे सोपे जाते.

या सुतळीवर एक खाचही दाखविता येते. 'इट इज टू इयर्स सिन्स ही केम' हे शुद्ध वाक्य हुशार मुलास बुचकळ्यात पाडते, कारण त्यात 'टू इयर्स' आणि 'सिन्स' शेजारी शेजारी दिसतात. परंतु लांबी 'सिन्स'च्या अलीकडे आहे. 'सिन्स'च्या पुढे 'तो आला' ही गाठच आहे. नियम मोडलेला नाही. 'दोन वर्षांपूर्वी' यासाठी मुले 'बिफोर टू इयर्स' लिहितात, तेही येथेच सुधारावे. आजपासून मागे मोजावयाचे असल्यास 'टू इयर्स अगो', आणि 'अगो' नेहमी लांबीच्या मागून येतो, मराठीतील 'पूर्वी'प्रमाणेच.

आता तांबड्या शाईविषयी. 'सिन्स टू इयर्स' हा प्रयोग आपल्या देशातील कचेऱ्यांत व पत्रव्यवहारात सर्रास आढळतो. परीक्षेत त्यास गुण मिळणार नाहीत, म्हणून तो सुधारला पाहिजे; परंतु त्यामुळे ऐकणाऱ्याचा गैरसमज होत नाही. गैरसमज होतो तो दुसऱ्याच शब्दांनी, आणि त्यांत पहिला मान 'पर्यंत' या शब्दाचा आहे.

'मी सोमवारपर्यंत मामाकडे राहीन' आणि 'मी सोमवारपर्यंत मामाकडे पोहोचेन' या दोन वाक्यांत मराठीने एकच 'पर्यंत' वापरला आहे. अर्थातील भेद क्रियापद सांभाळते. इंग्रजीत पहिल्यास 'टिल मंडे' आणि दुसऱ्यास 'बाय मंडे' म्हणावे लागते. 'आय शॅल बी ॲट माय अंकल्स हाउस टिल मंडे' म्हणजे सोमवार आला की मी तेथून निघणार. 'आय शॅल बी ॲट माय अंकल्स हाउस बाय मंडे' म्हणजे सोमवार संपण्यापूर्वी मी तेथे येऊन पोहोचणार. मुलाने शब्द बदलला की येणारा पाहुणा जाणारा होतो! प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांच्या सूचनांत 'बाय' हाच शब्द असतो. 'सबमिट द फॉर्म बाय द टेन्थ' याचा अर्थ दहा तारखेस अथवा तिच्या आधी केव्हाही. दहा तारखेची वाट पाहत बसावयाचे नाही, आणि अकरावी तारीख चालावयाची नाही.

हा भेदही सुतळीवर दाखवावा. यासाठीच 'आज'च्या उजवीकडे थोडी सुतळी मोकळी ठेवावयाची. तेथे 'सोमवार' अशी एक गाठ मारावी. 'टिल' सांगताना मुलाने 'आज'पासून हात न उचलता सुतळीवरून सरकवत न्यावा व गाठीवर थांबावे. 'बाय' सांगताना त्याने 'आज' आणि 'सोमवार' यांच्यामध्ये कोठेही एकच चिमटा लावावा. चिमटा गाठीवर लागला तरी चालेल, पलीकडे गेला की उत्तर चुकले. क्रिया सतत चालावयाची असेल तर 'टिल', एकदाच घडावयाची असेल तर 'बाय', ही गोष्ट हाताने केल्यावर मुले विसरत नाहीत.

दुसरे स्थान 'दिवसांत' आणि 'दिवसांनी' यांचे. मराठीने 'त' आणि 'नी' या दोन प्रत्ययांत केवढा भेद साठविला आहे! 'दोन दिवसांत पुस्तक वाचले', 'दोन दिवसांनी येईन'. नवल असे की, येथे इंग्रजी एकाच शब्दावर भागविते. 'आय रेड द बुक इन टू डेज' आणि 'आय शॅल कम इन टू डेज' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. म्हणून 'इन'चा अर्थ वाक्यावरून ठरवावा, असे मुलांस स्पष्ट सांगावे. जेथे संशयास जागा ठेवून चालणार नाही तेथे इंग्रजी 'विदिन' म्हणते आणि 'विदिन'चा अर्थ 'च्या आत' याखेरीज दुसरा होत नाही.

असा संशय न चालणारी ठिकाणे पुस्तकात थोडी असतात. घरात पुष्कळ असतात. ओआरएस म्हणजे जलसंजीवनीची पुडी घ्यावी. पुडी पाण्यात विरघळविल्यावर ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवावयाचे, उरल्यास टाकून द्यावयाचे. 'विदिन ट्वेंटी-फोर आवर्स' हे शब्द मुलाने 'चोवीस तासांनी' असे वाचून दाखविले तर जुलाबाने आजारी असलेल्या धाकट्या भावंडास नेमके टाकून द्यावयाचे पाणी पाजले जाईल. डोळ्यांत घालावयाच्या थेंबांच्या बाटलीवर 'यूज विदिन वन मंथ ऑफ ओपनिंग' अशा आशयाची सूचना पुष्कळदा असते. ती बाटली मागील वर्षाची म्हणून कोनाड्यात ठेवलेली असते व पुन्हा वापरली जाते. औषधाच्या चिठ्ठीवर 'एव्हरी एट आवर्स फॉर फाइव्ह डेज' असे असेल तर त्यात दोन कालावधी आहेत : 'एव्हरी' दोन मात्रांमधील अंतर सांगतो, 'फॉर' एकंदर किती दिवस ते सांगतो. हे उदाहरण गणिताच्या तासासही घ्यावे. दर आठ तासांनी म्हणजे दिवसाकाठी तीन. पाच दिवसांच्या पंधरा गोळ्या. बरे वाटू लागले म्हणून दुसऱ्या दिवशी बंद केलेल्या गोळ्यांचा हिशेब मग मुलेच घरी विचारतील.

अनेक घरांत इंग्रजी अक्षर वाचू शकणारी व्यक्ती म्हणजे शाळेत जाणारे मूलच असते, ही गोष्ट शिक्षकांस सांगावयास नको. म्हणून आठवड्यातून एक तास पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून मुलांनी आणलेली रिकामी वेष्टने, पुडे व खोकी वाचावयास घ्यावीत. बिस्किटाच्या पुड्यावर 'बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम पॅकेजिंग' असे आढळेल. मुले हे 'सहा महिन्यांपूर्वी' असे वाचतात. अर्थ असा की, पुडा भरल्याच्या तारखेपासून सहा महिने लोटण्यापूर्वी खाणे उत्तम. मार्चमध्ये भरलेल्या पुड्यास सुतळीवर सहा विती मोजाव्यात व सप्टेंबरवर चिमटा लावावा. खरे पाहता ही शब्दरचना इंग्रजीतही फारशी नेटकी नाही. परंतु मुलांच्या हाती जे पडते ते वाचता आले पाहिजे.

मराठीच्या मोजणीतील एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. 'आठ दिवसांनी ये' असे आपण म्हणतो ते सात दिवसांच्या अर्थाने. सोमवारी भरणारा आठवडे बाजार सातव्या दिवशी पुन्हा भरतो; परंतु दोन्ही सोमवार धरून मोजले की आठ होतात व 'आठवडा' हे नावच त्यावरून पडले आहे. फ्रेंच लोकही बोलताना आठवड्यास आठ दिवस व पंधरवड्यास पंधरा दिवस म्हणतात. इंग्रजीत मात्र 'एट डेज' म्हणजे मोजून आठच. म्हणून 'आठ दिवसांनी' याचे भाषांतर 'इन अ वीक' आणि 'पंधरा दिवसांनी' याचे 'इन अ फोर्टनाइट' अथवा 'इन टू वीक्स' असे करावे. 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री. जुन्या इंग्रजीत दिवसांऐवजी रात्री मोजण्याची चाल होती व सात रात्रींसाठीही तसाच एक शब्द होता, तो आता प्रचारात नाही. आपला पंधरवडा पंधरा तिथींचा, त्यांचा चौदा रात्रींचा. आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतचा काळ सरासरीने सुमारे पावणेपंधरा दिवसांचा! रजेच्या अर्जात मात्र ही आळीपाळी चालत नाही. 'फ्रॉम द फिफ्थ टू द सेव्हन्थ' म्हणजे दोन दिवस की तीन, हा वाद टाळण्यासाठीच कचेरीच्या इंग्रजीत 'बोथ डेज इन्क्लुसिव्ह' असे जोडण्याची पद्धत आहे.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले एकएक शब्द इंग्रजीत उलगडून सांगावे लागतात : दीड तास म्हणजे 'ॲन आवर अँड अ हाफ', अडीच तास म्हणजे 'टू अँड अ हाफ आवर्स', पाऊण तास म्हणजे 'थ्री-क्वार्टर्स ऑफ ॲन आवर'. 'दीड तास' आणि 'दीड वाजता' यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. दुसऱ्यास 'ॲट हाफ पास्ट वन' म्हणतात. तो बिंदू आहे, लांबी नव्हे.

विशेषण झालेल्या कालावधीस अनेकवचनाचा 'एस' लागत नाही : 'अ फाइव्ह-इयर प्लॅन', 'अ थ्री-डे कॅम्प'. १९५१ साली सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचे नाव उदाहरणासाठी सोयीचे आहे. षष्ठीच्या रूपात तो 'एस' पुन्हा येतो : 'थ्री डेज' लीव्ह'. येथे लिहिण्यापुरतेच लक्ष दिले तरी पुरे.

तोंडी प्रश्न विचारताना शिक्षकाने स्वतःच्या मराठीकडेही लक्ष द्यावे. 'किती वेळ' म्हणजे 'हाउ लाँग' आणि 'किती वेळा' म्हणजे 'हाउ मेनी टाइम्स'. एका कान्याचा फरक आहे, आणि घाईने उच्चारल्यास मागील बाकावर तो ऐकू जात नाही. उत्तर 'फॉर टू आवर्स' यावे की 'ट्वाइस' यावे हे त्या कान्यावर अवलंबून असते.

सरावासाठी पुढील वाक्ये द्यावीत व प्रत्येक वाक्याचे उत्तर प्रथम सुतळीवर दाखवून मगच लिहवून घ्यावे. माझी आजी गेली तीस वर्षे याच घरात राहते. माझ्या काकांनी सात वर्षे पुण्यात नोकरी केली. आता ते शेती करतात. पोळ्यापासून पाऊस नाही. डॉक्टर आठ दिवसांनी पुन्हा येतील. मी दीड तासात विहिरीवरून चार घागरी पाणी आणले. शुक्रवारपर्यंत वही द्या. शुक्रवारपर्यंत वही ठेवून घ्या. शेवटची दोन वाक्ये एकाखाली एक लिहून वर्गास त्यांवर पुरेसा वेळ द्यावा.

हंगामानंतर परतलेली मुले वर्गात असतील तर तोंडी सराव त्यांच्यापासून सुरू करावा. सुतळीवर दिवाळीच्या गाठीपासून पाडव्याच्या गाठीपर्यंतचे अंतर त्यांनी स्वतः मोजावे, त्या महिन्यांत कोठल्या कारखान्यावर होतो ते मराठीत सांगावे आणि मग इंग्रजीत म्हणावे : 'आय वॉज अवे फॉर फाइव्ह मंथ्स. आय हॅव बीन बॅक सिन्स पाडवा.'